पुठ्ठ्याचं खोकं: कधी घ्यावं, कसं घ्यावं आणि कधी घेऊ नये



आधी गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगते, कारण हा लेख तिथूनच सुरू झाला. आणि त्यात चूक माझी होती.

अमळनेर तालुक्यातल्या आपल्या एका गटाला पुण्याहून भरीताच्या वांग्यांची मागणी आली. घेणाऱ्याची अट एकच होती, माल गोणीत नको, खोक्यात द्या. ताईंनी मला विचारलं. मी नुकतीच एका प्रशिक्षणातून आले होते. मी लगेच सांगून टाकलं, "पुठ्ठ्याची खोकी घ्या. प्लास्टिक नाही, पर्यावरणाला चांगली, मालही शोभून दिसतो." गटाने अंतर्गत कर्ज काढलं आणि चाळीस खोकी आणली. सगळ्यात स्वस्त मिळाली ती आणली. वांगी स्वच्छ दिसावीत म्हणून धुतली आणि ओली असतानाच भरली. खोकी कमी लागावीत म्हणून दहा किलोच्या खोक्यात चौदा किलो बसवली. रात्रभर खोकी ओट्याच्या फरशीवर ठेवली. पहाटे टेम्पोत सात-सातची थप्पी लागली.

पुण्यात माल उतरवताना खालची अकरा खोकी बसलेली निघाली. आतली वांगी दबली, सालीवर तपकिरी डाग पडले, देठांचे काटे शेजारच्या वांग्यांत घुसले. घेणाऱ्याने तेवढा माल बाजूला काढला आणि त्याचे पैसे दिले नाहीत. गटाच्या अध्यक्षा ताई फोनवर एवढंच म्हणाल्या, "माल ते चांगला व्हता बाई, खोकंच बसी गयं."

मला कुणी बोललं नाही. तेच जास्त लागलं. मग मी खोकी बनवणाऱ्यांकडे गेले, केळी भरणाऱ्या पॅकहाऊसमध्ये जाऊन उभी राहिले, थोडं वाचलं. जे कळलं ते इथे लिहिते आहे, म्हणजे तेच नुकसान दुसऱ्या गटाचं होऊ नये.

खोकं आतून कसं असतं

एखादं जुनं खोकं घ्या आणि त्याची कड फाडून बघा. बाहेर सपाट कागद, आत सपाट कागद आणि मध्ये लाटांसारखा नागमोडी कागद दिसेल. सगळी ताकद त्या नागमोडी कागदात असते. साधा कागद उभा धरला तर वाकतो. त्याच कागदाच्या चुण्या करून उभा केला तर तो वजन पेलतो. पत्र्याच्या छपराला नागमोडी पत्रा का लावतात, त्याचंही कारण हेच.

हा कागद मुळात फळांसाठी निघालाच नव्हता. इंग्लंडमध्ये १८५६ साली उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी त्याचं पेटंट घेतलं गेलं. पुढे १८७१ मध्ये अमेरिकेत काचेच्या बाटल्या आणि दिव्यांच्या काचा फुटू नयेत म्हणून तो गुंडाळायला वापरू लागले. म्हणजे नाजूक वस्तूला धक्का लागू नये, हे त्याचं पहिल्यापासूनचं काम आहे.

दुकानदार विचारतो, "थ्री प्लाय देऊ की फाइव्ह प्लाय?" प्लाय म्हणजे कागदाचे थर. तीन थरांच्या खोक्यात दोन सपाट कागद आणि मध्ये एक नागमोडी. पाच थरांच्या खोक्यात तीन सपाट आणि दोन नागमोडी. सात थरांचंही असतं, ते फार जड मालासाठी. आमच्या गटाने आणलेली खोकी तीन थरांची होती आणि कागदही पातळ होता. एक-दोन किलोच्या भेटीच्या खोक्याला तीन थर पुरतात. रात्रभर टेम्पोत थप्पीत जाणाऱ्या दहा-पंधरा किलोच्या खोक्याला साधारण पाच थर लागतात.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. खोकं उभं ठेवलं की आतल्या लाटा उभ्या असल्या पाहिजेत, खांबांसारख्या. लाटा आडव्या असतील तर खोकं लवकर बसतं. घेताना कडेकडे बघितलं की लगेच कळतं.

वजन कोपरे पेलतात

घराचं छत खांबांवर उभं असतं, मधल्या भिंतीवर नाही. खोक्याचंही तसंच. वरचं बहुतेक ओझं चार उभे कोपरे पेलतात. म्हणून कोपऱ्यावर कोपरा येईल अशी सरळ थप्पी लावायची. विटांसारखी आडवी-उभी सांधे चुकवून थप्पी लावली, तर ती दिसायला घट्ट दिसते. पण वरच्या खोक्याचा कोपरा खालच्या खोक्याच्या मऊ मधल्या भागावर येतो आणि जवळपास निम्मी ताकद वाया जाते. टेम्पोतले हमालदादा सवयीने विटांसारखी थप्पी लावतात. माल भरताना आपल्यापैकी एकीने तिथे उभं राहिलं पाहिजे.

आता थप्पीचा हिशोब करू. दहा किलोची खोकी सहाच्या थप्पीत लावली, तर सगळ्यात खालच्या खोक्यावर वरच्या पाचांचे मिळून ५० किलो येतात. आमच्या चुकीच्या थप्पीत चौदा किलोची सहा खोकी वर होती, म्हणजे ८४ किलो. त्यात रस्त्याचे खड्डे आणि रात्रीचा दमटपणा. खोकी बसली यात नवल काहीच नव्हतं.

जास्त भरण्याचा मोह फक्त आपल्यालाच होतो असं नाही. हिमाचल प्रदेशात सफरचंदाच्या जुन्या खोक्यांची उंची वाढवता यायची. त्यामुळे एकेका खोक्यात कितीतरी जास्त माल जायचा आणि बागायतदाराला पैसे मात्र खोक्यावर मिळायचे. शेवटी तिथल्या सरकारने २०२४ च्या हंगामापासून ठरावीक मापाचं, साधारण वीस किलोचं खोकं सक्तीचं केलं. धडा आपल्यालाही तोच आहे. ठरलेलं वजन, काट्यावर मोजून, प्रत्येक खोक्यात सारखं.

पुठ्ठ्याचा वैरी पाणी

पुठ्ठा म्हणजे कागद, आणि कागद हवेतलं पाणीसुद्धा पितो. खूप दमट हवेत, म्हणजे पावसाळ्यात किंवा शीतगृहात, खोक्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. खोकं बाहेरून ओलं दिसत नाही, पण आतून नरम झालेलं असतं. आम्ही तर ओली वांगी भरली आणि वरून फरशीवर ठेवली. फरशीचा गारवा आणि ओल रात्रभर तळाला लागली.

म्हणून हे नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा:

* माल धुतला तर सावलीत, पंख्याखाली किंवा वाऱ्यावर पूर्ण कोरडा करूनच भरायचा. धुण्याची गरज नसेल तर कोरड्या सुती कापडाने पुसायचा.
* पहाटेचं दव असताना तोडलेला माल लगेच खोक्यात भरायचा नाही.
* भरलेली असोत की रिकामी, खोकी जमिनीवर ठेवायची नाहीत. खाली लाकडी फळ्या टाकायच्या, भिंतीपासून वीतभर जागा सोडायची. ओल, वाळवी आणि उंदीर तिन्ही भिंतीकडूनच येतात.
* पावसाळ्यात खोक्यांचा साठा करायचा नाही. आठ-पंधरा दिवसांपुरतीच आणायची.

तोडल्यावरही फळ जिवंत असतं

फळ झाडावरून तोडलं तरी त्याचा श्वास चालूच असतो. ते हवा घेतं, उष्णता आणि पाण्याची वाफ सोडतं. खोकं चारही बाजूंनी बंद असेल तर आत ऊब धरते, घाम सुटतो, घामाने पुठ्ठा नरम पडतो आणि माल सडतो. म्हणूनच फळांच्या खोक्याला भोकं असतात.

पण भोकं जास्त झाली तर खोकं कमजोर होतं. साधारण अंदाज असा की बाजूच्या भिंतीच्या शंभर भागांतले पाच भाग भोकं असावीत. बारीक बारीक खूप भोकं पाडण्यापेक्षा थोडी पण मोठी भोकं बरी, कारण बारीक भोकं फळांनीच बुजतात. कोपऱ्यापासून मात्र दोन इंच लांब राहायचं, कारण तिथेच खोक्याचे खांब आहेत. आणि थप्पीत एकाचं भोक दुसऱ्याच्या भोकासमोर यावं, तरच वारा आरपार जातो.

दुसरं म्हणजे पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्या वायूने शेजारचा मालही लवकर पिकतो आणि म्हातारा होतो. म्हणून पिकलेली केळी किंवा पपई आणि हिरवी भाजी एका खोक्यात, शक्यतो एका थप्पीतही ठेवू नये.

तिसरं म्हणजे दुपारच्या उन्हात तोडलेला गरम माल लगेच भरू नका. सकाळी तोडा, सावलीत गार होऊ द्या, मग भरा. हे फुकटात होतं आणि याचा फायदा भारी खोक्यापेक्षाही जास्त आहे.

आणि रद्दी पेपर! आपल्याकडे पपई वर्तमानपत्रात गुंडाळायची पद्धत जुनी आहे. पण छपाईच्या शाईत आरोग्याला घातक द्रव्यं असतात. अन्न वेष्टनाच्या २०१८ च्या केंद्रीय नियमांनी खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळायला मनाई केली आहे. सालीसकट खाल्ली जाणारी फळं, भाजी, चिरलेली फळं यांना तर तो कागद लागूच देऊ नये. गुंडाळायला न छापलेला कोरा कागद मिळतो, तो वापरा.

आपल्या केळीकडून शिकू

खोक्याचं काम बघायचं तर आपल्याला लांब जायला नको. रावेर, यावल, चोपडा भागात केळीचा माल वर्षानुवर्षं घडासकट ट्रकमध्ये भरला जायचा. खाली-वर केळीची पानं टाकायची, दोन घडांच्या मध्येही पानं. अजूनही असा माल जातो. पान स्वस्त आहे, आपल्या बागेतलंच आहे. पण लांबच्या प्रवासात घासून साल काळी पडतेच.

परदेशी जाणारी केळी वेगळ्या वाटेने जाते. घड कापला की तो जमिनीला टेकू देत नाहीत. फण्या वेगळ्या करतात, पाण्यात धुतात, चीक निथळू देतात, डागी फणी बाजूला काढतात, वजन करतात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भरतात. आखाती देशांकडे जाणारं खोकं साधारण १३ किलोचं असतं. मग ती खोकी १३ ते १४ अंश तापमानात ठेवतात. त्याहून गार झालं तर केळीची साल आतून काळवंडते. आपण घरी फ्रिजमध्ये केळी ठेवतो तेव्हा होतं तेच.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. तेरा किलोने भागून बघा, सुमारे सतराशे खोकी होतात. त्या प्रत्येक खोक्यामागे निवडणं, धुणं, पुसणं, तोलणं, भरणं आहे. आणि हे काम कुणाचे हात चांगलं करतात, ते मी सांगायला नको.

मात्र एक लक्षात ठेवा. जळगावच्या भरीताच्या वांग्यालाही मानांकन आहे, पण म्हणून कुणीही उठून खोक्यावर मानांकनाचा शिक्का छापायचा नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. आधी नोंदणी, मग छपाई.

पुठ्ठा पर्यावरणाला चांगला, पण कधी?

मी त्या गटाला "पुठ्ठा म्हणजे चांगला" असं सरसकट सांगितलं होतं. आता तसं सांगत नाही.

पुठ्ठ्याची चांगली बाजू खरी आहे. आपल्या देशात खोक्यांचा तपकिरी कागद बहुतेक रद्दीपासूनच बनतो. वापरलेलं खोकं भंगारवाल्याकडे गेलं की त्याचा लगदा होतो आणि पुन्हा खोकं बनतं. हे पाच-सात वेळा चालतं. दर वेळी कागदाचे धागे आखूड होत जातात, मग तो कागद कमजोर होतो. शेवटी खोकं मातीत गेलं तरी कुजतं. प्लास्टिकची पिशवी कुजत नाही. शिवाय आपल्या राज्यात २०१८ पासून पिशव्यांवर बंदीही आहे.

पण खोक्याला आतून-बाहेरून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा किंवा मेण चढवलेलं असेल, चारही बाजूंनी चिकटपट्टी मारलेली असेल, तर त्याचा पुन्हा कागद करणं अवघड होतं. भिजलेलं, सडक्या मालाने बरबटलेलं खोकं भंगारवालाही घेत नाही. आणि वाटेत बसलेलं खोकं सगळ्यात वाईट, कारण त्याच्याबरोबर पिकवलेला माल, त्यात गेलेलं पाणी, खत आणि आपले दिवस सगळंच वाया जातं. केंद्र सरकारच्या लुधियानाच्या 'सीफेट' संस्थेने २०१५ मध्ये देशभरातल्या नासाडीचा अभ्यास मांडला. काढणीपासून पुढे फळांची सुमारे ७ ते १६ टक्के आणि भाज्यांची साडेचार ते साडेबारा टक्के नासाडी होते, असं त्यात दिसलं. ही नासाडी थांबवतं तेच वेष्टन पर्यावरणाचं.

म्हणून माझं आताचं सांगणं असं:

* गावाजवळचा बाजार, रोजचं येणं-जाणं: प्लास्टिकचं कॅरेट घ्या. ते धुता येतं, वर्षानुवर्षं चालतं आणि परत येतं. इथे दर वेळी नवं खोकं घेणं म्हणजे पैसा आणि कागद दोन्ही वाया. कॅरेटवर रंगाने गटाचं नाव टाका, नाहीतर ते परत येत नाही.
* लांबचा बाजार, जिथून रिकामं कॅरेट परत येणार नाही: इथे पुठ्ठ्याचं खोकं शोभतं.
* घरपोच किंवा भेटीचा माल, एक ते पाच किलो: तीन थरांचं साधं खोकं, आत कोऱ्या कागदाच्या कात्रणांचा भराव.
* कांदा, बटाटा, कोबी असा टणक माल: जाळीची गोणी पुरते. खोक्याची गरज नाही.

हिशोब: गिऱ्हाईक आधी, खोकं नंतर

आता मुख्य गोष्ट. खालचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे भाव घालून बघा.

समजा १०० किलो वांगी आहेत आणि भाव किलोला २० रुपये आहे.

*गोणीत पाठवली तर:* १२ किलो खराब झाली, विकली गेली ८८ किलो. मिळाले १,७६० रुपये. दोन गोण्यांचे २० रुपये वजा. हातात १,७४० रुपये.

*खोक्यात पाठवली तर:* खराब फक्त ४ किलो, विकली ९६ किलो. त्याच २० रुपयांच्या भावाने मिळाले १,९२० रुपये. दहा खोकी प्रत्येकी २८ रुपयांची, म्हणजे २८० रुपये. निवडून भरण्याची मजुरी ६० रुपये. हातात राहिले १,५८० रुपये.

बघितलंत? नासाडी कमी झाली, माल जास्त विकला गेला, तरी गोणीपेक्षा १६० रुपये कमीच मिळाले! खोक्याला भाव वाढवून मिळाला नाही, तर खोकं आपल्याच खिशातून जातं. या उदाहरणात किलोला साधारण पावणेबावीस रुपये मिळाले तर दोन्ही सारखं होतं. २३ रुपये मिळाले तर हातात १,८६८ येतात, म्हणजे १२८ रुपये जास्त. तेव्हा कुठे खोकं परवडलं म्हणायचं.

म्हणून आधी घेणाऱ्याशी बोला. निवडलेला, सारख्या आकाराचा, मोजून भरलेला माल दिला तर किलोमागे किती वाढवून देणार? वाटेत खराब निघाला तर नुकसान कुणाचं? खोक्याचे पैसे वेगळे की भावातच धरलेले? हे लिहून घ्या. मोबाईलवर लिहून घेतलं तरी चालेल. भाव वाढवून न देणाऱ्याला गोणीत किंवा कॅरेटमध्येच माल द्या, त्यात काही कमीपणा नाही.

आणि ताईंनो, हिशोबात आपली मजुरी धरायला विसरू नका. "घरचंच तर काम आहे" असं म्हणून ती आपण शून्य धरतो, आणि मग न झालेला नफा झाल्यासारखा दिसतो.

खोकी घेताना विचारायचं काय

१. माप आतलं सांगा: आधी लांबी, मग रुंदी, मग उंची. माल एका किंवा दोन थरांत बसेल एवढीच उंची ठेवा. उंच खोक्यात खालच्या फळावर वरच्या फळांचं ओझं येतं. माल काठाच्या किंचित खालीच भरा, म्हणजे ओझं खोकं पेलेल, फळ नाही.

२. किती थरांचं? कागद किती जीएसएमचा? जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. बीएफ म्हणजे फाटण्याला कागद किती टिकतो याचा आकडा. दोन्ही आकडे बिलावर लिहून मागा. दोन दुकानांचे भाव तेव्हाच सारख्याला सारखे जुळवता येतात.

३. भाव जीएसटी धरून की सोडून? २२ सप्टेंबर २०२५ पासून पुठ्ठ्याच्या खोक्यांवर ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ टक्के होता. पक्कं बिल घ्या. गटाच्या लेखापरीक्षणात तेच कामाला येतं.

४. आधी नमुन्याची दोन खोकी मागा आणि घरी परीक्षा घ्या. एका खोक्यात नेहमीसारखा माल भरा, वर फळी टाका आणि फळीवर पन्नास-पन्नास किलोच्या तीन गोण्या रात्रभर ठेवा. सहाच्या थप्पीत खालच्या खोक्यावर ५० किलो येतात. धक्के आणि दमटपणा धरून तिप्पट पेलायला हवं. सकाळी खोकं सरळ उभं असेल तर घ्या. बसलं असेल तर आपल्याच ओट्यावर बसलं, पुण्यात नाही.

५. एकेका गटाने शंभर-दोनशे खोकी घेतली तर भाव चढा लागतो, आणि छापील खोकी तर हजारांच्या खालीच देत नाहीत. म्हणून ग्रामसंघाने किंवा प्रभागसंघाने मिळून एकाच मापाची कोरी खोकी घ्यावीत. गटाचं नाव, गाव, निव्वळ वजन आणि भरल्याची तारीख यासाठी रबरी शिक्का किंवा कागदी लेबल पुरतं. शिक्का एकदाच करायचा, तो वर्षानुवर्षं चालतो.

खोक्याचा कारखाना काढावा का?

हा प्रश्न मला दर दोन बैठकींत एकदा येतो. नागमोडी कागद बनवायची यंत्रं महाग असतात, वीज बरीच लागते, जागा मोठी लागते आणि बारा महिने मागणी लागते. कर्ज काढून यात पडण्याआधी दहा वेळा विचार करा. त्यापेक्षा माल निवडून, तोलून, भरून देण्याचं काम गावातल्या शेतकऱ्यांसाठी मजुरीवर करता येतं. त्याला एक कोरडी खोली, टेबल, काटा आणि शिकलेले हात लागतात. खोक्यांचे सपाट ताव आणून ते घडी घालून, चिकटवून देणं, आतले कप्पे कापणं, हेही लहान जागेत जमतं.

केळीच्या खोडापासून धागा आणि हातकागद बनवण्याचे प्रयोग नवसारी कृषी विद्यापीठाने केले आहेत. आपल्याकडे घड कापला की उरलेलं खोड वाया जातं, त्यामुळे पुढे-मागे हा विषय आपल्या कामाचा ठरू शकतो. पण आज त्यावर कर्ज काढू नका. आधी बघून या.

शेवटी, त्या गटाचं काय झालं

महिन्याभराने त्याच ताईंनी पुन्हा माल पाठवायचं ठरवलं. मला वाटलं होतं आता त्या मला विचारणार नाहीत. पण त्यांनी बोलावलं आणि म्हणाल्या, "या टाईमले तू पन भरू लाग." मीही पदर खोचून बसले. पाच थरांची खोकी, गोण्या ठेवून परीक्षा घेतलेली. वांगी सकाळी तोडली, कोरड्या कापडाने पुसली, देठाचे काटे कापले. दहा किलो म्हणजे दहाच किलो. खाली फळ्या, कोपऱ्यावर कोपरा, पाचचीच थप्पी. टेम्पो भरताना दोन ताई शेवटपर्यंत उभ्या होत्या.

सगळी खोकी उभी पोहोचली. फार मोठा नफा झाला असं सांगणार नाही. पहिल्या खेपेच्या नुकसानाचे हप्ते गट अजून अंतर्गत कर्जातून फेडतो आहे, आणि दर महिन्याच्या बैठकीत ती नोंद वाचली जाते तेव्हा मी मान खाली घालते. पण आता अमळनेरच्या बाजारात जाणारा माल त्या कॅरेटमधूनच पाठवतात, आणि खोकी फक्त पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी, वाढीव भाव आधी ठरवून. हा निर्णय त्यांनी स्वतः हिशोब मांडून घेतला. मी फक्त ऐकत होते.

पुढच्या ग्रामसंघ बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपण वापरतो ते एक खोकं, गोणी किंवा कॅरेट घेऊन यावं. तिथेच कड फाडून बघू, तीन गोण्या ठेवून बघू आणि प्रत्येकीच्या मालाचा हिशोब फळ्यावर मांडू. कुणाचं खोकं बसलं तर हसायचं नाही. आमचंही बसलं होतं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक